एका ठिपक्यामागे एकोणीस अंदाज

"प्रिंट खराब आहे," मामांनी निकाल देऊन टाकला.

कोथरूडच्या त्या हॉलमध्ये 65 इंची टीव्ही येऊन जेमतेम आठवडा झाला होता. उद्घाटन कशानं करायचं यावर घरात दोन मतं होती. मामींना नाट्यसंगीत हवं होतं, पण डिस्क प्लेअरची वायर कुठे खुपसायची हे फक्त मामांना ठाऊक होतं. त्यामुळे पडद्यावर 12 जुलै 1986 ची संध्याकाळ आली, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम आलं आणि पिवळं जाकीट घातलेला क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आला. आला खरा, पण मामांना हवा तसा नाही. जाकिटाचे पट्टे आणि बक्कल एकमेकांत विरघळले होते. मागची गर्दी भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी दिसत होती. आणि फ्रेडीची ती पल्लेदार चाल, जी मामांना कित्येक वर्षांपासून पाठ आहे, ती दुपारच्या मालिकेतल्या सासूसारखी गुळगुळीत झाली होती.

भाची मुंबईला एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत कलरिस्ट आहे. शनिवार-रविवारसाठी आली होती. तिनं काही न बोलता रिमोट घेतला, सेटिंगमध्ये शिरली आणि टीव्हीनं आपण होऊन चालू ठेवलेलं 'मोशन स्मूदिंग' बंद केलं. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतो, तो हा उद्योग. क्रिकेटला बरा, बाकी कशालाच नाही.

"सासू गेली," मामा म्हणाले. "धुकं तसंच आहे."

"ते जाणार नाही. प्रिंटला नावं ठेवू नकोस, मामा. ती मुळात एवढीच आहे."

जुन्या कॉन्सर्टची चित्रफीत नव्या वेष्टनात बाजारात आली की चाहत्यांमध्ये जो वाद पेटतो, तो असा या हॉलमध्ये पेटला. एक तट म्हणतो, एवढे पैसे मोजून हे धूसर चित्र का बघायचं? आता तंत्रज्ञान आहे, साफ करा. दुसरा तट म्हणतो, खबरदार हात लावाल तर. जे टिपलं गेलं ते तसंच दाखवा. गंमत म्हणजे या घरात वयाचा हिशेब उलटा होता. स्वच्छ चित्राचा हट्ट साठी ओलांडलेल्या मामांचा होता, आणि जुनं तसंच राहू द्या म्हणणारी तिशीची भाची होती.

"एवढीच म्हणजे केवढी?" मामांनी विचारलं.

भाचीनं मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडला. वेम्ब्लीचा कार्यक्रम टाइन टीज टेलिव्हिजनसाठी गेव्हिन टेलर यांनी चित्रित केला, व्हिडिओ कॅमेऱ्यांनी, टेपवर. ब्रिटनमध्ये तेव्हा पाल पद्धत होती. चित्रात 625 आडव्या रेघा, त्यातल्या 576 प्रत्यक्ष दिसणाऱ्या. डिजिटल भाषेत ही चौकट 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपक्यांची. मामांचा नवा 4के टीव्ही 3840 गुणिले 2160 चा, म्हणजे 82,94,400 ठिपक्यांचा.

"आता भाग." तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "बरोब्बर वीस. पडदा पूर्ण भरला, तर टेपवरचा एक ठिपका तुझ्या टीव्हीवर वीस ठिपक्यांची जागा भरतो. एक खरा, एकोणीस अंदाजानं."

"मग अंदाज जरा बरे करावेत की!"

"डिस्क बदल. मग बोलू."

दुसरी डिस्कही त्याच दौऱ्यातली होती. क्वीनची 'मॅजिक टूर', फ्रेडीसोबतची शेवटची. तारीख 27 जुलै 1986, वेम्ब्लीनंतर बरोबर पंधरा दिवस. स्थळ बुडापेस्टचं नेपस्टेडियन. माणसं तीच, गाणी जवळपास तीच. चित्र उमटलं आणि मामा सोफ्याच्या कडेवर सरकले. कपाळावरचा घाम चमकत होता. मिशी आता काळा पट्टा राहिली नव्हती, तिला केस होते. मधल्या एका गाण्यात ब्रायन मे गिटार घेऊन शेजारी बसतो आणि फ्रेडी हंगेरियन लोकगीत गातो. भाषा येत नाही, म्हणून शब्द तळहातावर लिहून घेतलेले. गाता गाता तो हाताकडे बघतो, पुन्हा लोकांकडे बघतो, आणि स्वतःच्या हातात स्वतःची चिठ्ठी धरलेल्या मुलासारखा किंचित ओशाळतो. मामांनी तिथे पॉझ केलं.

"ही कॉपी मी पूर्वी पाहिलीय. हा हात मला कधी दिसला नव्हता."

बुडापेस्टचा कार्यक्रम हंगेरियन दिग्दर्शक यानोश झोम्बोयाय यांनी 35 मिलिमीटर फिल्मवर घेतला होता. फिल्मवर रेघांची ठरलेली संख्या नसते. तिथे रसायनाचे बारीक कण असतात आणि त्यांत ठासून तपशील भरलेला असतो. निगेटिव्ह नीट राखलं असेल, तर स्कॅनर जसजसे सुधारत जातात तसतसं त्यातून आणखी काही बाहेर येतं. टेपचं तसं नाही. त्या रात्री विजेच्या लहरींत जेवढं उतरलं तेवढ्यावर तिचा खेळ संपला. पुढे ती टेप चिकट झाली, झिजली, तर त्यातूनही वजाबाकीच.

"मग साहेबांनी फिल्म का नाही वापरली? पैसे नव्हते?" मामांचा सूर असा, जणू वेम्ब्लीचं बजेट त्यांच्याकडे मंजुरीला आलं होतं.

पैसे हे एक कारण होतंच. 35 मिलिमीटरचा कॅमेरा मिनिटाला 90 फूट फिल्म खातो. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन तासांच्या कार्यक्रमाला एका कॅमेऱ्यामागे साधारण सव्वातीन किलोमीटर फिल्म लागते. ती धुवायची, जोडायची, आवाजाशी जुळवायची. रीळ बदलताना नेमकी चांगली जागा निसटली तर निसटली. टीव्हीवाल्यांकडे मात्र बाहेर व्हॅन उभी असते, आत सगळे कॅमेरे एकदम दिसतात, दिग्दर्शक तिथल्या तिथे चित्रं निवडतो आणि ती थेट प्रक्षेपितही करता येतात. शिवाय 1986 मध्ये घरोघरचा टीव्ही 21 इंचांच्या आसपासचा होता. त्यावर वेम्ब्ली झकास दिसायचं. पासष्ट इंची पडदा त्या व्हॅनमधल्या कुणाच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं.

म्हणूनच जुनं ते धूसर आणि नवं ते स्वच्छ, हा हिशेब कॉन्सर्टच्या बाबतीत सारखा चुकतो. क्वीनचाच माँट्रियलचा कार्यक्रम नोव्हेंबर 1981 मधला, वेम्ब्लीच्या पाच वर्षं आधीचा. पण तो सॉल स्विमर यांनी 35 मिलिमीटरवर घेतला, आणि जानेवारी 2024 मध्ये तो आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर झळकला. पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांना तर हे कोडं दोनदा पडलं. त्यांचा 1988 चा न्यूयॉर्कजवळचा कार्यक्रम फिल्मवर होता. मूळ निगेटिव्हच्या शंभराहून जास्त डब्यांमधून तो 2019 मध्ये 4के दर्जात पुन्हा उभा राहिला. 1994 चा लंडनचा 'पल्स' व्हिडिओवर घेतलेला. सहा वर्षांनी धाकटा, आणि दिसायला थकलेला.

"म्हणजे नशिबाचा भाग."

"त्या रात्री कुठला कॅमेरा आला, एवढंच नशीब," भाची म्हणाली. "आणि पुढे डबे कुणी सांभाळले."

मामा इतक्यावर ऐकणारे नव्हते. त्यांची बाजू समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं. नव्वदच्या सुरुवातीला सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या खोलीवर रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं यायचा. सकाळी नवाच्या आत परत द्यायचा, म्हणून रात्रभरात तीन कॅसेट संपवायच्या. कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी, आणि ती ज्यावरून केली तीही कुणाची तरी कॉपी. हेड घाण झालं की पडद्यावर पाऊस पडायचा, मग कुणीतरी स्पिरिटचा बोळा घेऊन उठायचं. कोण ड्रमवर आणि कोण बासवर हे केसांच्या आकारावरून ठरायचं. "आम्ही फ्रेडीला मिशीवरून ओळखायचो," मामा सांगतात, "आणि एकदा अर्धा तास ज्याला फ्रेडी समजत होतो तो माइकचा स्टँड निघाला." अशा माणसानं आता चेहरा मागितला, तर ती चैन कशी म्हणायची?

"मला एक सांग," मामा म्हणाले. "त्या रात्री वेम्ब्लीत सत्तर-बहात्तर हजार माणसं होती. त्यातल्या एकालाही फ्रेडी धूसर दिसला नाही. धूसर दिसला तो कॅमेऱ्याला. मग कॅमेऱ्याची कमजोरी जपून ठेवायची की त्या रात्रीची गोष्ट?"

मुद्दा वजनदार होता. भाचीनं चहाचा एक घोट घेतला.

"शेवटच्या रांगेतल्याला तो मुंगीएवढा दिसला होता. मुंगी दाखवायची का? त्या रात्रीचं आपल्याकडे जे उरलंय ते कॅमेऱ्यातून आलेलंच उरलंय. मशीन वर जे घालेल ते वेम्ब्लीचं नसेल. हजारो दुसरे चेहरे बघून शिकलेल्या यंत्रानं फ्रेडीच्या तोंडावर सरासरी माणसाची कातडी बसवलेली असेल."

"आणि 'गेट बॅक'?"

हा मामांचा हुकमाचा पत्ता. पीटर जॅक्सन यांची बीटल्सवरची ही मालिका नोव्हेंबर 2021 मध्ये आली. मायकेल लिंडसे-हॉग यांनी जानेवारी 1969 मध्ये 16 मिलिमीटरवर टिपलेलं जवळपास साठ तासांचं चित्रण तिच्या मुळाशी होतं. चित्रातले कण पुसले गेले, रंग टवटवीत झाले, आणि चाहत्यांत फूट पडली. काहींना काल शूट केल्यासारखं वाटून भरून आलं. काहींना गालांचं मेण झालेलं दिसलं. लिंडसे-हॉग यांचा मूळ 1970 चा चित्रपट 'लेट इट बी' मे 2024 मध्ये याच हातांनी साफ होऊन परतला, तेव्हा हीच तक्रार पुन्हा झाली. मामांचं बोट नेमकं दुसऱ्याच गोष्टीवर होतं. त्याच प्रकल्पात एका मशीननं एकाच ट्रॅकवर गुंतलेली गिटार आणि बोलणं वेगळं केलं. त्याच तंत्रानं जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटमधून त्याचा आवाज सोडवला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बीटल्सचं 'नाउ अँड देन' बाहेर आलं.

"तेव्हा तू मला रात्री साडेअकराला फोन करून रडलीस. मशीन आवाजाला शिवलं तर गंगा आली, आणि चेहऱ्याला शिवलं तर विटाळ?"

भाची हसली, पण उत्तर तिच्याकडे तयार होतं. "आवाज सोडवताना जे टेपवर होतं तेच वेगळं केलं, तांदळातून खडे निवडावेत तसं. चेहरा घासून गुळगुळीत करताना फिल्मवर जे होतं ते पुसलं. आणि टेपचं 4के करताना जे नव्हतंच ते घातलं. तीन वेगळी कामं आहेत, मामा. बाजारात तिन्हींना एकच लेबल लागतं, 'रिस्टोअर्ड'."

"कण म्हणजे तपशील?"

"कणांचंच चित्र असतं. ते घासलेस की त्यांच्याबरोबर कातडीची छिद्रं जातात, कापडाची वीण जाते. रवाळ तूप तुला आवडतं ना? मग रवाळ चित्र का नको?"

"तूप मी बघत नाही बाई, खातो."

हा मुद्दा अनिर्णित राहिला. मामा उठून आणखी एक डिस्क घेऊन आले. तरुणपणी सात वर्षं तबला शिकल्याचा पुरावा म्हणून ते ही डिस्क पाहुण्यांना दाखवतात. 18 जून 1967, कॅलिफोर्नियातलं माँटेरे, रविवारची दुपार. पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा. डी. ए. पेनेबेकर यांचा 16 मिलिमीटरवरचा चित्रपट, 2017 मध्ये 4के दर्जात साफ झालेला. चेहरे सुरेख दिसतात, ऐकणाऱ्यांचे तर विशेषच. पण सतारीचा 'झाला' सुरू झाला आणि मामांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"बोटं बघ. दिसतायत का? नुसता पंखा फिरतोय."

भाचीनं बघितलं आणि या वेळी मान डोलावली. फिल्म सेकंदाला 24 चित्रं घेते. द्रुत लयीत वाजणारी बोटं त्या चोविसात मावत नाहीत, फराटा उमटतो. पालचा व्हिडिओ मात्र सेकंदाला पन्नास वेळा बघतो, दर वेळी चित्राच्या निम्म्याच रेघा, एकदा सम आणि एकदा विषम. तपशील कमी, पण हालचाल दुपटीहून जास्त. ब्रायन मे प्लास्टिकच्या प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. त्याचा उजवा हात तारांवरून कसा निसटतो ते बघायचं असेल, तर धूसर म्हणून हिणवलेलं वेम्ब्ली बुडापेस्टपेक्षा जास्त सांगतं.

"म्हणजे माझी प्रिंट इतकीही खराब नाही," मामा म्हणाले. दहा मिनिटांपूर्वीचा निकाल त्यांनी बिनदिक्कत फिरवला.

"टेपची खरी माती पुढच्यांनी केली." आता भाचीला तिच्या कामातला विषय मिळाला होता. डीव्हीडीच्या काळात अनेकांनी त्या पन्नास नजरांपैकी निम्म्या फेकून दिल्या आणि सेकंदाला पंचवीस चित्रांचं काहीतरी बनवलं. अमेरिकेची पद्धत वेगळी, 525 रेघांची आणि सेकंदाला साधारण साठ नजरांची. तिकडच्यासाठी बदल करताना चित्र अडखळायला लागलं. पुढे रुंद टीव्ही आले, तेव्हा चार-तीनची चौकट सोळा-नऊमध्ये बसवण्यासाठी वरून-खालून कापली. हिशेब केला तर उंचीचा चौथा भाग गेला. कुणाचे केस छाटले गेले, कुणाची गिटार धरलेली बोटं. मग ग्राहक म्हणतो, टेप खराब.

"काम हातात आलंच तर मी काय करीन सांगू? मूळ टेप शोधीन. पन्नासच्या पन्नास नजरा राखीन. चौकट कापणार नाही, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देईन. टेपवरचे ओरखडे आणि रंगांचा उतरलेला तोल दुरुस्त करीन. आणि उठून घरी जाईन."

"मी ग्राहक आहे. मला चेहरा दिसला नाही तर मी डिस्क घेणार नाही. डिस्क खपली नाही तर तुझी कंपनी पुढची टेप शोधणारच नाही. मग ती टेप कुठल्या तरी गोदामात सडेल, तुझ्या सगळ्या तत्त्वांसकट."

याला भाचीकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण हा धोका खरा आहे. 1969 च्या हार्लेम कल्चरल फेस्टिव्हलचं हॅल टुल्चिन यांनी दोन इंची टेपवर केलेलं चाळीसेक तासांचं चित्रण गिऱ्हाईक न मिळाल्यानं सुमारे पन्नास वर्षं तळघरात पडून होतं. क्वेस्टलव्हनं 2021 मध्ये त्यातून 'समर ऑफ सोल' केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. टेपच्या रेघा, दिव्यांच्या मागे ओढल्या जाणाऱ्या शेपट्या, सगळं त्यात आहे. प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. पण तेवढ्यासाठी अर्धं शतक थांबावं लागलं.

आतून मामी आल्या. इतका वेळ त्या भाजी निवडत सगळं ऐकत होत्या.

"कुमार गंधर्वांचं दूरदर्शनवरचं गाणं आहे माझ्याकडे. मल्लिकार्जुन मन्सूरांचंही आहे. दोघं एकाच वर्षी गेले, ब्याण्णवला. कोपऱ्यात लोगो, तळाशी सळसळणारी रेघ, रंग म्हणाल तर सगळेच काविळीतून उठल्यासारखे. आम्ही कधी प्रिंटवरून भांडलो नाही. माझी तक्रार एकच, राग रंगात आला की ऐन वेळी कापतात. तुमचा तो चेहरा राहू द्या, मला अख्खी मैफल द्या."

जगभरच्या संगीतवेड्यांचा हा तिसरा तट. त्यांना ठिपक्यांपेक्षा मिनिटं हवी असतात. त्यांच्या यादीत गाळलेलं गाणं हा धूसर चित्रापेक्षा मोठा गुन्हा असतो.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग भाचीकडे वळले.

"पाचगणीचं सेंट पीटर्स. फारुख बलसारा, म्हणजे आपला फ्रेडी, तिथे बोर्डिंगमध्ये होता, झांझिबारहून आलेला. पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता आणि हा पियानोवर. समज, उद्या पाचगणीत कुणाच्या माळ्यावर 8 मिलिमीटरचं रीळ निघालं. तीन मिनिटांचं, मुकं. पियानोवर एक मुलगा बसलाय आणि त्याचं तोंड म्हणजे पांढरा ठिपका. ते तुझ्या टेबलावर आलं. काय करशील?"

"आधी स्कॅन. जसंच्या तसं. ती प्रत कुलपात."

"मग?"

"मग धूळ, ओरखडे. चित्र हलत असेल तर स्थिर करायचं. बस."

"आणि तो ठिपका? मशीनला एकदाही विचारणार नाहीस, बाबा, हा दिसत कसा असेल?"

भाचीनं कपातला उरलेला चहा उगाच ढवळला.

"विचारीन," ती शेवटी म्हणाली. "घरी. दार लावून. कुणाला दाखवणार नाही."

"मला बोलाव."

"तुला बोलावीन."

एवढ्यात मामींनी टीपॉयवरचा रिमोट उचलला होता आणि पेन ड्राइव्ह कुठे लावायचा हे भाचीकडून हळूच विचारूनही घेतलं होतं. पडद्यावर काविळीच्या रंगाचा रंगमंच उमटला. कोपऱ्यात लोगो होता. तळाशी रेघ सळसळत होती. तंबोरे जुळत होते.

"प्रिंट जरा..." मामांनी तोंड उघडलं.

मामींनी फक्त मान वळवून पाहिलं. मामांनी आवाज दोन घरं वाढवला आणि सोफ्यावर मागे टेकून बसले.